जिन आणि हर्बल लिकरचा शॉट: करायचा कसा, द्यायचा कसा

इझेरकाठ
"जिन फक्त टॉनिकबरोबरच का" त्या धाग्यावर शॉटचा विषय निघाला आणि तिथे फारच अवांतर व्हायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांना हा विषयच नको असेल त्यांच्यासाठी पाकृ (पाककृती) विभागात थालीपिठाचा धागा जोरात चालू आहे, मीही नंतर तिकडे येतेच.

तर मी राहते फ्रान्समधल्या ग्रनोबलला. खिडकीतून शार्त्रूझचे डोंगर दिसतात, त्याच डोंगरातल्या मठाचे साधू ती प्रसिद्ध शार्त्रूझ लिकर (वनस्पती मुरवून केलेली गोड दारू) करतात. हिरवीत अल्कोहोल ५५ टक्के, पिवळीत ४३ टक्के, १३० वनस्पती, आणि कृती फक्त दोन-तीन साधूंना माहीत. इथे या लिकर जेवणानंतर बोटभर ग्लासात देतात. दुसरी इथली घरगुती म्हणावी अशी जेनेपी, आल्प्समध्ये वर उंचावर उगवणाऱ्या झुडपाची. म्हाताऱ्या लोकांची कृती ठरलेली असते: ४० काड्या, ४० साखरेचे क्यूब, एक लिटर दारू, ४० दिवस. सगळं चाळीस, विसरायची सोय नाही.

आता जिन का? कारण जिन पण शेवटी वनस्पतींचीच दारू, ज्युनिपर, धने, अँजेलिकाचं मूळ, लिंबू-संत्र्याची साल. तिच्यात साखर नसते, लिकरमध्ये भरपूर असते (युरोपात लिकर म्हणायचं तर लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते), त्यामुळे दोघी एकमेकींचं उणं भरून काढतात. हे माझं संशोधन नाही हां, अलास्का नावाचं जुनं कॉकटेल आहे, १९३० च्या सुमारास लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात मिळायचं, तीन भाग जिन एक भाग पिवळी शार्त्रूझ आणि ऑरेंज बिटर्सचे (संत्र्याच्या सालीचा कडू अर्क) थेंब. मी तेच छोटं करून शॉट म्हणून देते.

पण मुद्दा वेगळाच आहे. लोक करतात काय, जिन ओतली, लिकर ओतली, मारला शॉट, घसा जळला, डोळ्यात पाणी, आणि मग म्हणतात हर्बल आपल्याला झेपत नाही. अहो तुम्ही ४३ टक्के नीट (म्हणजे बिनपाण्याची) आणि तीही कोमट मारलीत, झेपणार कशी. बारमध्ये हेच बर्फात ढवळतात तेव्हा अर्ध्या मिनिटात साधारण पाचवा हिस्सा पाणी त्यात उतरतं. ते पाणी रेसिपीत कुठे लिहिलेलं नसतं म्हणून घरी कोणी घालत नाही. बाटली फ्रीझरमध्ये ठेवली की थंड होते, पण पाणी शून्यच. म्हणून आपण आधीच मोजून घालायचं.

दहा जणांसाठी: जिन १८० मिली, पिवळी शार्त्रूझ किंवा जेनेपी ६० मिली, साधं प्यायचं पाणी ५० मिली. काचेच्या बाटलीत भरून हलवून फ्रीझरमध्ये, रात्री ठेवली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. अल्कोहोल ३५ टक्क्यांच्या आसपास येतं आणि घरच्या फ्रीझरमध्ये (उणे १८) ते गोठत नाही, नुसतं दाट होतं, ओतताना तेलासारखी धार पडते. ग्लासही फ्रीझरमध्येच. वर संत्र्याच्या सालीचा फवारा आणि लगेच द्यायचं, गप्पा मारत ट्रे हातात धरून उभं राहायचं नाही.

बास एवढंच. विचारा.

चकणा_आधी
वाखु (वाचनखूण) साठवली आहे. फोटो कुठाय पण? फोटोशिवाय पाकृ फाऊल धरतात इथे.

नीटच_बरी
सगळं छान लिहिलंय ताई पण शॉटमध्ये पाणी??? शॉटचा अर्थच नीट. पाणी घालायचं तर मग पेग भरा ना, शॉट कशाला म्हणायचं. आमच्या बैठकीत कोणी शॉटमध्ये पाणी घातलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाही त्याला.

इझेरकाठ
@नीटच_बरी आख्खा महाराष्ट्र रम आणि व्हिस्कीत पाणी घालून पितो, कोणाला काही वाटत नाही, आणि शॉटमध्ये चमचाभर घातलं की लगेच धर्म बुडतो :) एक करून बघा, दोन बाटल्या ठेवा फ्रीझरमध्ये, एक पाणी घालून एक बिनपाण्याची, आणि मित्रांना न सांगता द्या. बिनपाण्याच्या शॉटमध्ये दारूचा चटकाच पुढे येतो, वनस्पतींचे वास मागे राहतात. थंडीने वास आधीच दबलेले असतात, त्यात चटका वाढला की मग उरलं काय. १३० वनस्पतींचे पैसे मोजायचे आणि चव स्पिरिटची घ्यायची.

आणि शॉट म्हणजे घटाघटच असं कोणी सांगितलं, ३० मिली तीन घोटात प्यायचे. मारायचाच असेल तर मग साधी व्होडका घ्या, स्वस्त पडेल.

नवखा_पेगी
मस्त माहिती. पण ताई आमच्या नाशकात शार्त्रूझ कुठली मिळायला, दुकानदाराने नाव ऐकून मला वाईनच्या काउंटरला पाठवलं. यागरमायस्टर मात्र मिळते. तिच्यात होईल का? आणि ती मला खोकल्याच्या औषधासारखी लागते हेही सांगून ठेवतो.

इझेरकाठ
होईल की. यागर ३५ टक्के असते, ५६ वनस्पती, जर्मनीत वोल्फेनब्युटेलला करतात, १९३५ पासून बाजारात आहे. ती शार्त्रूझपेक्षा गडद आणि बडीशेप-ज्येष्ठमध या बाजूची आहे, म्हणून जिन अगदी कोरडी, जास्त नखरे नसलेली घ्यायची. फुलांच्या वासाच्या, गुलाबी वगैरे जिन यात घालू नका, नुसता गोंधळ होतो. प्रमाण तेच १८० ला ६०, पण यागर आधीच हलकी आहे म्हणून पाणी ४० च. आणि खोकल्याचं औषध लागते ती खोलीच्या तापमानाला. कंपनी स्वतः सांगते उणे १८ ला प्या. थंडीत गोडवा कमी जाणवतो, तो चिकटपणा जातो.

हिरवी शार्त्रूझ कोणाकडे असेल तर ती ५५ टक्क्यांची आहे, पाणी ६५ करा.

शार्त्रूझ न मिळण्याबद्दल: इथेही हल्ली प्रत्येक दुकानात असतेच असं नाही. साधूंनी २०२१ मध्ये ठरवलं की उत्पादन वाढवायचं नाही, डोंगरावर ताण नको आणि प्रार्थनेला वेळ हवा. जगभर कॉकटेलवाल्यांची मागणी वाढलेली आणि हे म्हणतात नाही करणार. मला आवडलं ते. या लोकांना १९०३ मध्ये फ्रेंच सरकारने देशाबाहेर काढलं तर स्पेनमध्ये तारागोनाला जाऊन लिकर करत राहिले, परत आले, १९३५ मध्ये डिस्टिलरीवर दरड कोसळली, तरी चालूच. १६०५ चं हस्तलिखित आहे त्यांच्याकडे, त्यांना बाजाराची घाई असणार कशी.

भारतात येणाऱ्यांना सांगून ठेवा, कस्टम्समध्ये माणशी दोन लिटर चालतं.

गुळाचा_खडा
जेनेपी कोणत्या कुळातली? आर्टेमिसिया का?

इझेरकाठ
हो आर्टेमिसियाच.

गुळाचा_खडा
मग आपल्या दवण्याची चुलत बहीण झाली की! दवणा पण आर्टेमिसिया. आम्ही कोल्हापूरचे, चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, घरभर तो वास असतो. आता डोक्यात आलंय की जिनमध्ये दवणा भिजवून बघावा. जोतिबा माफ करेल ना?

इझेरकाठ
जोतिबाचं तुम्ही बघा :) पण फुलबाजारातला दवणा पिण्यात घालू नका, तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, फवारणी काय केली असेल सांगता येत नाही. घरी कुंडीत असेल तर एक कोवळी काडी २०० मिली जिनमध्ये तासभर, दर पंधरा मिनिटांनी चाखत. आर्टेमिसिया कडू होत जाते, वास चटकन उतरतो आणि मागून कडवटपणा यायला लागतो, म्हणून बाटलीत विसरून राहायला नको. आमच्याकडे ४० दिवस ठेवतात कारण बरोबर ४० क्यूब साखर असते.

किंवा सोपं, ग्लासवर नुसती काडी आडवी ठेवा. नाक ग्लासाशी गेलं की वास आलाच.

बारमागून
धागा उशिरा पाहिला. पुण्यात हॉटेलच्या बारमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून दोन पैसे आमचेही.

ताईंचं पाण्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आम्ही बँक्वेटला शॉट देतो तेव्हा सगळं आधी बाटल्यांमध्ये पाणी मोजूनच भरलेलं असतं, कारण दीडशे लोकांसाठी शेकर कोण हलवत बसणार. पाहुण्यांना वाटतं बारटेंडरने जादू केली, जादू दुपारी चार वाजता मागच्या खोलीत झालेली असते. आणि एक, पाणी आरओचं किंवा बाटलीचं घ्या, बोअरचं जड पाणी चवीत कळतं.

ढवळायचं की हलवायचं यावर लोक भांडतात. साधा नियम आहे, लिंबाचा रस असेल तर शेकर, नसेल तर ढवळा. ताईंच्या रेसिपीत रस नाही म्हणून ती बाटलीत टिकते. लिंबू पडलं की त्याच रात्री संपवायचं.

लिंबूवाल्यात माझा सगळ्यात आवडता लास्ट वर्ड. जिन, हिरवी शार्त्रूझ, मारास्किनो (चेरीची) लिकर, लिंबाचा रस, चारही सारखे. डेट्रॉइट अॅथलेटिक क्लबच्या १९१६ च्या मेन्यूत होतं, मग लोक विसरले, आणि २००० नंतर सिअॅटलच्या झिग झॅग कॅफेत मरे स्टेन्सन नावाच्या बारटेंडरने परत काढलं आणि जगभर गेलं. एका कॉकटेलचे तीन शॉट होतात, जेवणाआधी द्यायला फर्स्ट क्लास. फक्त आपलं कागदी लिंबू तिकडच्या मोठ्या हिरव्या लिंबापेक्षा जास्त आंबट, म्हणून चार भाग सारखे करू नका, लिंबू थोडं कमी धरा.

ग्लासबद्दल. ते जाड बुडाचे शॉट ग्लास दिसायला दणकट पण त्यात वास कोंडतो, नाक जातच नाही आत. छोटा दांड्याचा ग्लास असेल तर उत्तम, हात लागून गरम होत नाही. नसेल तर काचेची कटिंग चहाची छोटी ग्लासं चालतील, खरंच, पण तळाशी जेमतेम अर्धाच ग्लास भरा.

चकणा_आधी
@बारमागून मोजायला जिगर (बारवालं छोटं माप) नाहीये घरी. पेग मेजर ३०-६० चं आहे ते चालेल ना?

बारमागून
३०-६० पुरतं. बारीक मापासाठी औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात, गरम पाण्याने धुऊन घ्या. अंदाजाने ओतू नका, लिकर दहा मिली जास्त झाली की शॉट नाही सरबत होतं.

सावलीतला
हे वाचून काल यागरवालं केलं. चव बेस्ट झालीय पण बाटली फ्रीझरमधून काढली तर जरा धुरकट दिसतंय, आधी पारदर्शक होतं. खराब झालं का? टाकून देऊ?

बारमागून
अजिबात टाकू नका. जिनमधली सुगंधी तेलं दारूत विरघळतात, पाण्यात नाही. पाणी घातलं आणि वर थंड केलं की ती थोडी बाहेर येतात, म्हणून धुरकट. बडीशेपेच्या दारूत पाणी घातल्यावर पांढरी होते ना, त्याचाच छोटा प्रकार. ज्या जिनमध्ये वनस्पतींचं तेल जास्त तिथे जास्त दिसतं. प्या निवांत.

माडाखालचा
म्हापशाहून हजेरी. तुम्ही सगळे फ्रान्स जर्मनी फिरून आलात पण आमच्या गोव्यातली हर्बल कोणाला आठवली नाही. दुकशिरी फेणी! दुकशिरी म्हणजे तुमची उपलसरी, अनंतमूळ. काजूची फेणी घेऊन त्यात मुळ्या टाकून ठेवतात, रंग लालसर तपकिरी होतो आणि वास असा येतो की फेणीचा उग्र वास ज्यांना चालत नाही ते पण विचारतात हे काय आहे. पूर्वी घरात ही औषध म्हणूनच असायची, पोट बिघडलं की आजी झाकणभर द्यायची. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आणि हल्ली जिन पण गोव्यातच होते, तर दोन्ही एका गावच्या बाटल्या एकत्र करायला हरकत काय?

इझेरकाठ
वा! हे मी केलेलं नाही. पण करायचं तर कसं करावं यावर विचार करते. दुकशिरीत साखर नसते ना?

माडाखालचा
नसते. कोरडी.

इझेरकाठ
मग ती लिकर नाही झाली, साखर आपल्याला घालावी लागेल. आणि फेणीचा स्वतःचा आवाज मोठा, म्हणून तीनास एक न करता चारास एक धरू. जिन १६०, दुकशिरी ४०, साखरेचा पाक (सारखी साखर सारखं पाणी) २०, पाणी ३० मिली. आकडेमोड करून ३४ टक्क्यांच्या आसपास येतंय आणि साखरेमुळे गोठायचं नाही. पाकात पाणी आहेच म्हणून वरचं पाणी कमी केलंय. वर संत्र नको, ईडलिंबाची साल मिळाली तर बघा.

माडाखालचा
ईडलिंबू बागेत आहे. शनिवारी करतो, पाहुणे आहेतच.

अत्तराची_कुपी
जयपूरहून. हर्बल म्हणाल तर राजस्थानात पण आहे, सरकारी गंगानगर शुगर मिल्सवाले हेरिटेज लिकर विकतात, चंद्रहास, केसर कस्तुरी अशी नावं, जुन्या ठिकाणेदारांच्या (जहागीरदारांच्या) घरच्या कृती. आणि शेखावाटीतलं महनसर बडीशेपेच्या दारूसाठी प्रसिद्ध. आमच्याकडे सासऱ्यांच्या मित्रांमध्ये चंद्रहास म्हणजे मान. त्यात जिन घालू म्हटलं तर घराबाहेर काढतील मला, म्हणून नुसतं माहितीसाठी.

नीटच_बरी
@अत्तराची_कुपी बघा म्हणजे जगात अजून शहाणी माणसं आहेत.

बादवे ताई, दोन बाटल्यांचा प्रयोग केला. तिघांपैकी दोघांनी पाणीवाली निवडली. तिसरा मी. मला कोणती कोणती ते माहीत होतं म्हणून माझं मत धरू नका म्हणतायत.

इझेरकाठ
:)))) मान्य. तुमचं मत राखीव ठेवू.

डॉ_सुट्टीवर
थोडा रसभंग करतो, सवय आहे. "जेवणानंतर घेतलं की पचतं" असं सगळीकडे म्हणतात, वर माडाखालच्यांच्या आजीचंही तसंच आलं. २०१० मध्ये झुरिचच्या डॉक्टरांनी २० धडधाकट लोकांना चीज फॉन्ड्यू (वितळवलेलं चीज, पावाबरोबर) खायला घातलं, काहींना सोबत वाईन काहींना काळा चहा, आणि नंतर काहींना चेरीची दारू. दारू घेतलेल्यांचं पोट जास्त हळू रिकामं झालं. म्हणजे जड जेवणावर शॉट घेतल्याने अन्न पुढे ढकललं जात नाही, उलट रेंगाळतं. बरं वाटतं ते वेगळ्या कारणाने, उबेने, कडू चवीने, मैफिलीने. घ्या, पण औषध म्हणून घेऊ नका.

दुसरं. थंड, गोड आणि दाट, या तिन्हींनी दारू लपते. ३० मिलीच्या या शॉटमध्ये साडेदहा मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल आहे, नेहमीच्या छोट्या पेगमध्ये तेरा. म्हणजे फरक फार नाही, पण पेग अर्धा तास चालतो आणि हे तीन घोटात जातं. चार शॉट म्हणजे दीडहून जास्त मोठे पेग पंधरा मिनिटात. यजमानाने ट्रे किती वेळा फिरवायचा ते आधीच ठरवावं. आणि झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील त्यांनी हा धागा नुसता वाचावा.

इझेरकाठ
डॉक्टर बरोबर बोलतायत. फॉन्ड्यूचं वाचून वाईट वाटलं, इथे फॉन्ड्यूनंतर जेनेपी हा कुळाचार आहे. मी माणशी एक देते, जेवणानंतर, आणि दुसरा मागितला तरच. बाटलीत दहाच भरायचे याचं कारण तेच, संपली की संपली.

संपादक_मंडळ
धागा चालू द्यावा. फक्त आठवण: महाराष्ट्रात हार्ड दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो (एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे मिळतात), गोव्यात २१. गोव्याहून बाटल्या आणायच्या तर त्याचाही परवाना काढावा लागतो. "कसं आणायचं ते व्यनित (खासगी निरोपात) सांगतो" असे प्रतिसाद उडवले आहेत, परत टाकू नयेत.

मी_नाही_पीत
प्रश्न विचारायला जरा संकोच वाटतोय कारण मी पीतच नाही, पण नवऱ्याच्या पन्नाशीला मला हे करायचंय आणि चाखून बघणार नाहीये. न चाखता कसं कळेल की बरोबर झालंय?

बारमागून
संकोच कसला वैनी. आमच्याकडे एक सिनियर होते, आयुष्यात थेंब घेतला नाही आणि शहरातले चांगले बार त्यांनी लावून दिले. तुम्ही फक्त मोजा. मोजमाप बरोबर असेल तर चव बरोबरच येते. फ्रीझरमधून काढून बाटली आडवी करा, आतलं पाण्यासारखं चटकन हललं तर अजून थंड व्हायचंय, जड सरकलं तर झालं. बर्फाचे कण दिसले तर पाणी जास्त पडलंय, चमचाभर जिन घालून परत ठेवा. वासासाठी ग्लासात थोडं ओतून दोन मिनिटं थांबा, मग नाक न्या. आधी संत्र मग वनस्पती असं यायला हवं. नुसता स्पिरिटचा झणका आला तर पाणी राहिलंय.

बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून चिठ्ठी लावा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात भरू नका, घरात मुलं असतात, उन्हातून येऊन कोणीही तोंडाला लावतं.

मी_नाही_पीत
हे फार कामाचं सांगितलंत. सोबत काय ठेवू? फरसाण शेंगदाणे तर असतीलच.

चकणा_आधी
आला बाबा माझा विषय. ऐका. तिखट मसाला शेंगदाणे यावर नको, जीभ जळली की हर्बलचं काही कळत नाही. काकडीचे काप मीठ लावून, पनीर नको चीज घ्या थोडं खारं, भाजलेले काजू मिरी लावून. माडाखालच्याकडे असतील तर सोलांच्या आगळाचा एक थेंब काकडीवर, आंबट खारट, त्यावर तो थंड गोड घोट, विषय संपला. जेवणानंतर देणार असाल तर काही नको, फार तर डार्क चॉकलेटचा तुकडा.

इझेरकाठ
डार्क चॉकलेट +१. इथे स्कीइंगच्या ठिकाणी हॉट चॉकलेटमध्ये हिरवी शार्त्रूझ घालून देतात, ग्रीन शो म्हणतात, ते दोघांचं जमतंच.

तुडतुडा
कुणी पेटवलेले शॉट करून बघितलेत का? ५५ टक्केवाली पेटते म्हणे. आणि ते धूर येणारे पण, लिक्विड नायट्रोजनवाले. व्हिडिओ जबरी येईल.

बारमागून
नको रे बाबा. पेटते म्हणूनच नको. घरात, सिंथेटिक कुर्ते, पाच जण मोबाईल घेऊन वाकलेले, आणि एकाला वाटतं आपण पेटलेलाच प्यावा. ग्लासची कड तापलेली असते, ओठ भाजतात. लिक्विड नायट्रोजनचं तर नावच काढू नका, २०१७ मध्ये गुरुग्रामला एकाने धूर निघत असतानाच पिऊन टाकलं, पोटाला भोक पडलं, त्यानंतर हरियाणात खाण्यापिण्यात वापरायला बंदी घातली. व्हिडिओच हवा असेल तर सालीचा फवारा दाखव, मेणबत्तीवर मारलास तर ठिणग्या उडतात, ग्लासपासून लांब.

गुळाचा_खडा
साल पिळायची तर आपण सगळे ट्रेन झालेलो आहोत, लहानपणी भावंडांच्या डोळ्यात संत्र्याची साल पिळायचो तेच ना :D

इझेरकाठ
अगदी तेच, फक्त डोळ्याऐवजी ग्लास. रंगीत बाजू ग्लासकडे, आतला पांढरा भाग जितका कमी तितकं बरं. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, तेल चांगलं सुटतं पण लवकर वाळते, म्हणून ऐनवेळी सोला. तेलाचा पातळ थर वर तरंगतो आणि पहिला वास त्याचाच येतो. तो आला नाही तर थंडीमुळे शॉट मुका वाटतो.

माडाखालचा
शनिवारचा रिपोर्ट. दुकशिरीवालं केलं, मापं तुमचीच. जिनपेक्षा दुकशिरीच पुढे येत होती, पण आपल्याला आवडलं. पाहुण्यांपैकी एक काका पणजीचे, ते म्हणाले जिन काढा आणि फेणी राहू द्या. त्यांच्यासाठी तशीच दिली. बाकीच्यांनी ईडलिंबाच्या सालीसकट पसंत केलं. पुढच्या वेळी दुकशिरी ३० आणि जिन १७० करणार, आणि पाक १५ च, किंचित गोड झालं होतं.

बारमागून
१७०-३० बरोबर वाटतंय. त्यात चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवून दोन थेंब टाका, कडवटपणाची धार कमी होते. कॉकटेलवाले सर्रास करतात.

सावलीतला
शेवटचा प्रश्न. फ्रीझरमधली बाटली किती दिवस टिकते? माझी अर्धी उरलीय आणि आता महिनाभर कोणी येणार नाही. आणि साल आधीच बाटलीत टाकून ठेवली तर ऐनवेळी सोलायचा त्रास वाचेल ना?

इझेरकाठ
जिन, लिकर आणि पाणी एवढंच असेल तर महिना काय, त्याहून जास्त राहील, झाकण घट्ट हवं म्हणजे फ्रीझरमधल्या मासळीचा वास लागत नाही. लिंबू किंवा कुठलाही रस असेल तर दुसऱ्या दिवशी नाही. साल बाटलीत नको, पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरत राहतो आणि काढायला बाटलीचं तोंड लहान असतं.